गिल्ड वॉर्स २ : फुकट दारातून आत शिरल्यावर

निशाचर (धागाकर्ता)

'गिल्ड वॉर्स २' हा असंख्य लोकांनी एकाच जगात खेळायचा ऑनलाइन गेम आला २०१२ च्या ऑगस्टमध्ये आणि त्याचा मूळ भाग २०१५ पासून फुकट आहे. त्यामुळे आत्ता त्याच्या 'पहिल्या भेटी'वर धागा काढणं म्हणजे वरातीमागून घोडं, मान्य. पण या गेमवर लिहिणारे बहुतेक लोक इतके मुरलेले असतात की कोऱ्या माणसाला काय दिसतं हे त्यांच्या लिखाणात सापडतच नाही. म्हणून हा प्रपंच. आजपर्यंत एक पैसाही भरलेला नाही. लेव्हलची शिडी ८० ची आहे आणि मी अजून निम्म्याच्याही खाली आहे, तेव्हा मत त्याच वकुबाने घ्यावं.

वंश पाच. माणूस, 'चार' नावाचे (शिंगं असलेले, मांजराच्या तोंडवळ्याचे लढवय्ये), नॉर्न (धिप्पाड, प्राण्यांची रूपं घेणारे), असुरा (बुटके आणि स्वतःच्या बुद्धीवर बेहद्द खूश) आणि सिल्वारी (झाडापासून जन्मलेले, अंधारात अंग चमकतं). मी मुकाट्याने माणूस घेतला, त्यात एलेमेंटलिस्ट (आग-पाण्याची जादू करणारा) घेतला आणि मग मरायला सुरुवात केली.

मला सगळ्यात आधी आवडलं ते म्हणजे डोक्यावर उद्गारचिन्ह घेऊन उभी असलेली माणसं नाहीत. क्वीन्सडेल या पहिल्या नकाशात एक शेत लागतं. तिथे मक्याला पाणी घाला, गुरांना चारा द्या, नाहीतर जमिनीतून डोकं काढणाऱ्या किड्यांची वारुळं तुडवा. यातलं काहीही केलं तरी एकच पट्टी भरत जाते. 'दहा रानडुकरं मारून परत ये, मग पुढचं सांगतो' ही हमाली नाही. हे चाललेलं असतानाच नकाशावर नारिंगी वर्तुळ उमटतं, कुठेतरी दरोडेखोर घुसलेले असतात, आणि आजूबाजूचे पाचसात जण हातातलं काम टाकून तिकडे धावतात. कोणी कोणाला पार्टीचं आमंत्रण देत नाही. मारलं कोणी, लूट कोणाची, हा वादच नाही, कारण ज्याने हातभार लावला त्या प्रत्येकाला आपापली लूट मिळते. खनिजाचा दगडसुद्धा प्रत्येकासाठी वेगळा. तुमच्यासमोर दुसऱ्याने तो फोडला तरी तुमचा शिल्लकच असतो.

आणि पडलेल्याला उठवलं की अनुभवाचे गुण मिळतात. हे ज्याने सुचवलं त्याला माणसाचा स्वभाव चांगला कळलेला असावा. मी पडलो की अनोळखी लोक पळत येतात. प्रेमापोटी येतात की गुणांपोटी, मला फरक पडत नाही.

आता खटकलेली गोष्ट. एवढी मदत करणाऱ्या या लोकांशी मला बोलता येत नाही. फुकट खात्याला नकाशाभर ऐकू जाणारं मॅप चॅट बंद आहे. जवळ उभ्या असलेल्यांशी बोलता येतं, पण ते लढाईत कोण वाचणार! नव्या माणसाला खाजगी निरोप पाठवण्यावर मर्यादा, टपालाने नाणी किंवा वस्तू पाठवणं बंद, ट्रेडिंग पोस्टवर ठरावीक किरकोळ मालच विकता-घेता येतो. लढाईत माझ्यात आणि पैसे भरलेल्यात तसूभर फरक नाही. बाजारात आणि गप्पांत मात्र मी दुय्यम. प्रश्न असा की हे योग्य आहे का? आणि दुसरं, एक्स्पान्शन (विकत घ्यायचा पुढचा भाग) कधी घ्यावं?


जुनाजाणता

स्वागत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. ८० पर्यंत फुकटच खेळा. एक्स्पान्शनमधले नकाशे ८० नंतरचेच आहेत, आधी घेऊन ठेवलंत तरी तिथे तुमचा एलेमेंटलिस्ट टिकणार नाही.

बाकी निरीक्षणं नेमकी आहेत. पण क्वीन्सडेलमध्ये तुम्हाला जी गर्दी दिसते ती आपोआप आलेली नाही. सुरुवातीला प्रत्येक सर्व्हरचा नकाशा वेगळा होता आणि काही महिन्यांनी खालच्या लेव्हलचे नकाशे ओस पडले. एप्रिल २०१४ मध्ये कंपनीने मेगासर्व्हर आणला आणि सगळ्या सर्व्हरचे लोक एकाच नकाशात ओतायला सुरुवात केली. दुसरं कारण म्हणजे लेव्हल खाली ओढणं. क्वीन्सडेल १ ते १५ लेव्हलचा नकाशा आहे. मी ८० चा असलो तरी तिथे पाऊल टाकलं की माझी ताकद त्या नकाशाच्या मापाला येते. तरीही तुमच्यापेक्षा मी दणकट असतोच, पण एका फुंकरीत बॉस (मोठा शत्रू) उडवत नाही. म्हणून जुने खेळाडूही तिथे फिरकतात आणि नव्यांची मजाही मारली जात नाही.


टवाळखोर

एलेमेंटलिस्ट घेऊन पहिलाच गेम? तुमच्या धैर्याला सलाम आणि तुमच्या चिलखताच्या दुरुस्तीला शुभेच्छा.


निशाचर

@टवाळखोर, दुरुस्ती फुकट असते इथे, तेवढंच समाधान. :) पण खरंच, आग, पाणी, वारा, माती अशी चार रूपं सतत बदलत राहायचं, प्रत्येक रूपात हत्याराची पाच कौशल्यं वेगळी, आणि अंगावर कापड. बोटांची कसरत आहे. दंड घेतला की लांबून, सुऱ्या घेतल्या की अगदी अंगाशी भिडून, म्हणजे हत्यार बदललं की खेळायची पद्धतच बदलते. हे फार आवडलं.


पाऊलवाट

नव्याने सुरू करणाऱ्यांनी नेक्रोमॅन्सर घ्यावा असं मी सांगेन. त्याला जीवनशक्तीची जणू दुसरी पट्टी मिळते, वर सेवेला हाडामांसाचे गुलाम. तुम्ही मागे उभं राहून गंमत बघा. रेंजरही ठीक, सोबत पाळीव प्राणी असतो. मेस्मर दिसायला भारी, स्वतःच्या प्रतिमा उभ्या करतो, पण सुरुवातीच्या लेव्हलना त्याच्याने एक डुक्कर मरता मरत नाही. फुकट खात्याला कॅरेक्टरच्या जागा दोनच आहेत, तेव्हा जरा विचार करून.


कळफलक

मला हा गेम अजिबात रुचला नाही, तेवढं नोंदवून ठेवतो. सगळे एका वर्तुळात उभे राहून रंगीबेरंगी फटाके उडवतात आणि बॉस दिसतच नाही. कोण काय करतंय कळत नाही, आपण नसतो तरी तो मेलाच असता. 'अनोळखी लोकांची मदत' वगैरे ठीक, पण माझी गरजच नसेल तर मी तिथे कशाला? जुन्या गेममध्ये पाच जणांची पार्टी जमवायला अर्धा तास जायचा, पण त्यात एक ढाल घेणारा, एक उपचार करणारा असायचा आणि त्यांची नावं लक्षात राहायची. इथे मला एकाही माणसाचं नाव आठवत नाही.


जुनाजाणता

कळफलक यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. खालच्या नकाशातले जागतिक बॉस म्हणजे मिरवणूकच. क्वीन्सडेलच्या दलदलीत दर दोन तासांनी शॅडो बीहिमथ उगवतो. आधी द्वारं फोडायची, मग कंबरेपर्यंत जमिनीतून वर आलेल्या त्या धुडावर सगळ्यांनी तुटून पडायचं. नव्या माणसाला पहिल्यांदा थरार वाटतो, नंतर ते पाट्या टाकणं होतं.

पण सगळे बॉस तसे नाहीत. टेक्वाटल नावाचा ड्रॅगनही आधी असाच लोळवला जायचा. सप्टेंबर २०१३ मध्ये त्याची लढाई बदलली आणि नकाशेच्या नकाशे हरायला लागले. तोफांवर कोण बसणार, बॅटऱ्या कोण राखणार हे ठरवल्याशिवाय तो पडेना. तिथे माणसं एकमेकांची नावं घेऊन ओरडायची.

ढाल-उपचार-मारा ही त्रिकुटाची व्यवस्था सुरुवातीला मुद्दाम काढून टाकलेली होती. प्रत्येकाला स्वतःचा उपचार, प्रत्येकाला वार चुकवण्यासाठी डॉज, आणि खाली पडल्यावरही एखादा शत्रू मारला तर परत उभं राहायची सोय. २०१५ च्या अखेरीस रेड्स (गटाने करायच्या कठीण मोहिमा) आल्या तशा उपचार करणाऱ्या भूमिका मागच्या दाराने परत आल्याच.


शेंडेफळ

पार्टी न करताही एकमेकांना उपयोगी पडता येतं की. कोणी आगीचं वर्तुळ टाकलं आणि त्यात दुसऱ्याने स्फोट करणारं कौशल्य वापरलं, तर जवळच्या सगळ्यांचा मारा वाढतो. पाण्याच्या वर्तुळात तेच केलं तर सगळ्यांच्या जखमा भरतात. निशाचर, तुम्ही एलेमेंटलिस्ट आहात, ही वर्तुळं टाकणं हेच तुमचं मोठं काम. गेम हे नीट शिकवत नाही, हा त्याचा दोषच.


चौकस

मूळ प्रश्न बाजूला पडला. फुकट्यांचं तोंड का बांधतात?

यावर 'रूनस्केप'चा इतिहास बघण्यासारखा आहे. २००१ पासून चालू असलेला, फुकट खेळता येणारा गेम, पूर्वी ब्राउझरमध्ये चालायचा. तिथे खऱ्या पैशांत सोनं विकणाऱ्यांनी इतका धुमाकूळ घातला की चालवणाऱ्या जॅगेक्स कंपनीने २००७ च्या डिसेंबरमध्ये जंगलातली खेळाडू विरुद्ध खेळाडू लढाई काढली आणि २००८ च्या सुरुवातीला मुक्त देवाणघेवाण बंद केली. मित्राला एखादी मौल्यवान तलवार नुसतीच द्यायची तरी देता येईना. लोकांनी आभाळ डोक्यावर घेतलं. शेवटी मतदान घेऊन फेब्रुवारी २०११ मध्ये दोन्ही गोष्टी परत आणल्या.

तिथे सरसकट सगळ्यांचे हात बांधले होते. त्या मानाने फक्त नव्या फुकट खात्यांवर निर्बंध घालणं सौम्यच म्हणायचं. फुकट खातं बंद केलं तर विक्रेता दुसरं उघडतो, त्याला शिक्षाच होत नाही. ज्याला हाकलून काही फरक पडत नाही त्याच्या हातात भोंगा कसा देणार?


निशाचर

चौकस, पटलं. पण टपाल आणि बाजार बंद करणं एक आणि बोलणं बंद करणं दुसरं. सोनं विकणाऱ्याला रोखायला वेळेची अट पुरेशी नाही का? अमुक लेव्हल गाठली, इतके तास खेळलात, की मॅप चॅट उघडा. नव्या माणसालाच सगळ्यात जास्त प्रश्न असतात आणि नेमकी त्याचीच वाचा बंद. मी एका उड्यांच्या कोड्यात अडकलो होतो, खालून मॅप चॅटमध्ये लोक त्याच कोड्याबद्दल बोलत होते, आणि मी ते वाचत खांबाला लटकून.


टवाळखोर

खांबाला लटकलेला मुका जादूगार. चित्र डोळ्यासमोर आलं.


आळशी योद्धा

तासांच्या अटीने काही होत नाही हो. बॉट (माणसाऐवजी आपोआप खेळणारे प्रोग्रॅम) झोपत नाहीत. माणसाला वीस तास भरायला आठवडा लागेल, बॉट एका दिवसात भरतो.

आणि हा प्रकार सगळीकडे आहे. 'फायनल फँटसी १४'ची फुकट चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून लेव्हल ७० पर्यंत, दोन एक्स्पान्शनसकट खेळता येते. मुदत नाही. एवढं मोठं ताट! पण तिथेही ओरडून बोलणं बंद, खाजगी निरोप पाठवणं बंद, बाजार बंद, स्वतःहून पार्टी बनवणं बंद, आणि नाणी ३ लाखांवर साठत नाहीत. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये लेव्हल २० ला भिंत लागते. त्या दोघांना महिन्याच्या महिन्याला वर्गणीही आहे. गिल्ड वॉर्सला वर्गणी कधीच नव्हती, २००५ च्या पहिल्या भागापासून. एकदा एखादं एक्स्पान्शन घेतलं की फुकट खात्याचे निर्बंध कायमचे सुटतात. मला हा सौदा बरा वाटतो.


रिकामटेकडी

मी मोबाइलवरचे फुकट आरपीजी (पात्र घेऊन खेळायचे गेम) बरेच खेळले आहे आणि निशाचर यांची तक्रार वाचून हेवा वाटला. तिथे बोलायला कोणी अडवत नाही. अडवतात ते खेळायला. ताकदीची पट्टी संपली की थांबा किंवा पैसे टाका. चांगलं पात्र हवं तर चकती फिरवा. एका गेममध्ये (नाव घेत नाही) मी एका पात्रासाठी इतकं साठवून ठेवलं आणि ते आलं नाही म्हणून जो मनःस्ताप झाला, तो आठवला तरी नको वाटतं. तेव्हा तुमच्या गेममध्ये कुठे पिळतात ते आधी सांगा. कुठेतरी पिळत असणारच.


जुनाजाणता

पिळतात. पिशव्यांत. फुकट खात्याला पिशव्यांच्या जागा कमी आणि हा गेम तुमच्यावर भंगाराचा पाऊस पाडतो. प्रत्येक वस्तूचे चार प्रकार, प्रत्येक नकाशाचं वेगळं चलन. बँकेतली जागा, पिशवीची जागा, कॅरेक्टरची जागा, पोशाख, रंग, हे सगळं 'जेम्स' (खऱ्या पैशांनी घ्यायचं चलन) देऊन. पैसे भरून मारा वाढवता येत नाही हे खरं, पण सोय विकत मिळते.

नशिबाचा खेळही आहे. ब्लॅक लायनच्या पेट्या फुकट पडतात, किल्ल्या बहुतेक विकत घ्याव्या लागतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये तर त्यांनी वाहनांची ३० रूपं एकत्र टाकून 'कोणतं मिळेल ते मिळेल' अशी विक्री सुरू केली होती. खेळाडूंनी इतका गदारोळ केला की कंपनीच्या प्रमुखांना, माइक ओब्रायन यांना, जाहीर खुलासा करावा लागला आणि पुढची रूपं थेट किंवा एकत्र संचात विकण्यावर भर देण्याचं कबूल करावं लागलं. म्हणजे साधुसंतांची कंपनी नाही. पण जेम्स खेळातल्या सोन्याच्या बदल्यातही मिळतात आणि विनिमयाचा दर खेळाडूंच्याच मागणी-पुरवठ्यावर हलतो. फक्त सोन्यातून जेम्सकडे जाणारी वाट फुकट खात्याला बंद.


रिकामटेकडी

पिशव्या परवडल्या.


कळफलक

मला एक सांगा, ८० नंतर करायचं काय? हत्यारं वाढवत नेणं नाही म्हणतात.


पाऊलवाट

हाच तर मुद्दा. २०१२ मध्ये लेव्हलची कमाल मर्यादा ८० होती, आजही ८० आहे. दर एक्स्पान्शनला ती वाढवून जुनी हत्यारं कचऱ्यात टाकायची पद्धत यांनी ठेवलीच नाही. मधे चारपाच वर्षं खेळले नव्हते, परत आले तर माझं चिलखत अजून कामाचं. दुसऱ्या कोणत्याही अशा गेममध्ये मी परत येऊन पुन्हा पायथ्यापासून सुरू केलं असतं.

मग वाढतं काय? फिरण्याची साधनं. २०१५ च्या 'हार्ट ऑफ थॉर्न्स'मध्ये तरंगण्यासाठी ग्लायडर आला, २०१७ च्या 'पाथ ऑफ फायर'मध्ये वाहनं. ती नुसती वेगाने पळणारी घोडी नाहीत. रॅप्टर दरी ओलांडतो, स्प्रिंगर उंच उडी मारतो, स्किमर पाण्यावरून तरंगतो. ज्या कड्यावर जाता येत नव्हतं तिथे आता जाता येतं, हीच बढती. ज्याला आकडे वाढलेले बघायला आवडतात त्याला हे कोरडं वाटेल, हे मान्य.


कळफलक

मला आकडेच आवडतात. सुटला प्रश्न.


शेंडेफळ

कथेबद्दल कोणीच बोललं नाही? माणसाचं कॅरेक्टर बनवताना तुम्ही रस्त्यावर वाढलात, सामान्य घरात की उमरावाच्या, हे विचारतात आणि कथेची सुरुवात त्यावर बदलते. कल्पना छान. पण दोन पात्रं रंगवलेल्या पडद्यापुढे समोरासमोर उभी राहून बोलतात, तेव्हा शाळेचं स्नेहसंमेलन चाललंय असं वाटतं. शिवाय दर दहा लेव्हलना एक प्रकरण उघडतं, तोवर मागचं विसरायला होतं.


निशाचर

कथा मीही उरकतोय. पण ती रंगवलेली दृश्यं मला आवडली. चित्रकार डॅनियल डोच्यू यांच्या हाताखाली या गेमची सगळी दृश्यशैली घडली आहे. नकाशावरच्या कडासुद्धा कुंचल्याचा फटकारा मारल्यासारख्या. ग्राफिक्स आता जुने दिसतात, पण कुरूप दिसत नाहीत.


चौकस

तांत्रिक शंका. जुन्या लॅपटॉपवर चालेल का? आणि मॅकवर?


आळशी योद्धा

मॅकची आवृत्ती २०२१ मध्ये बंद केली. विंडोजवर साधारण लॅपटॉपवरही चालतो, मात्र मोठ्या बॉसच्या गर्दीत प्रोसेसरचा जीव जातो, ग्राफिक्स कार्ड कितीही भारी असो. सेटिंगमध्ये एकाच वेळी दिसणाऱ्या कॅरेक्टरची संख्या आणि त्यांचा दर्जा खाली आणा, बाकी जैसे थे ठेवा. संपूर्ण डाउनलोड होईपर्यंत थांबायची गरज नाही, थोडा भाग उतरला की लाँचर खेळू देतो. फक्त त्या काळात नवीन नकाशा उघडायला वेळ लागतो.

आणि डॉजची कळ बदलून घ्या. दिशेची कळ दोनदा दाबून डॉज होतो तो पर्याय बंद करा, नाहीतर उड्यांच्या कोड्यात कड्यावरून आपणच आपल्याला ढकलाल.


निशाचर

अच्छा, म्हणून पडत होतो तर! हे कोणी मॅप चॅटमध्ये सांगितलं असतं तर, पण विचारणार कसं.


पाऊलवाट

निशाचर, आमच्या गिल्डमध्ये (खेळाडूंच्या गटात) घेते तुम्हाला. गिल्ड चॅट फुकट खात्यालाही चालतं, गिल्डच्या तिजोरीला फक्त हात लावता येणार नाही. तुमचं खातं नॉर्थ अमेरिकेत आहे की युरोपात? आमचं युरोपात आहे, प्रदेश वेगळा असेल तर भेट होणार नाही.


निशाचर

युरोप. आमंत्रण पाठवा, खात्याचं नाव खाजगी निरोपात देतो. इथल्या, गेममधल्या नव्हे.


कळफलक

तुमच्या गिल्डमध्ये ढाल घेणारा लागतो का हो? सहज विचारतोय.


पाऊलवाट

रेड्ससाठी लागतो. एक्स्पान्शन घ्यावं लागेल मात्र.


टवाळखोर

ओढला गळाने.